इस्त्रीच्या टेबलाभोवतीचा देश: ठाणे-नवी मुंबईत पहिला छोटा माहितीपट कसा करावा

पहिला माहितीपट करायला निघालेल्याला बहुतेक वेळा अख्खं शहर हवं असतं. मग तलावपाळी, कौपिनेश्वर, टेंभी नाक्याची देवी, वाशीचा खाडीपूल, फ्लेमिंगो, प्रत्येकाचे दोन-दोन शॉट आणि वर भारदस्त आवाजातलं ‘विविधतेने नटलेल्या आपल्या देशात’ वगैरे निवेदन. दहा मिनिटं संपतात आणि एकाही माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही.

विविधता दाखवायला निघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका माणसाचं एक काम, एका जागी, त्याच्याच भाषेत, आठ-दहा मिनिटं नीट दाखवावं. आपल्या भागात एवढं केलं तरी बाकीचा देश त्या चौकटीत आपसूक येऊन उभा राहतो. कारण ही गावं वसलीच तशी आहेत. ठाण्यात चेंदणीचा कोळीवाडा आहे, कोपरीत सिंधी कुटुंबं आहेत, राबोडीत मुस्लिम वस्ती आहे, आणि १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे, ज्यांची घरातली भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांच्या मधोमध सेक्टर उभे राहिले. त्या सेक्टरांत घाटावरचे माथाडी आले, केरळ-तामिळनाडूचे नोकरदार आले, बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर आले. वाशीत वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत ती उगाच नाहीत.

सोयीसाठी या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: घोडबंदर रोडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत जिन्याखाली टेबल लावून बसणारे इस्त्रीवाले. तुमचा माणूस वेगळा असेल, पायऱ्या त्याच.

१. माणूस निवडा, विषय नको

निवडीच्या माझ्या दोन अटी आहेत. पहिली, काम डोळ्यांना दिसणारं असावं आणि त्याला दिवसाभरात सुरुवात-मध्य-शेवट असावा. दुसरी, तिथे तुम्हाला चालत किंवा एका रिक्षात पोहोचता यावं, कारण पुन्हा पुन्हा जावं लागणार आहे.

इस्त्रीवाल्यांचं काम या दोन्हींत बसतं. सकाळी बोचकी येतात, दुपारी टेबल तापतं, संध्याकाळी घड्या घरोघरी जातात. इस्त्री पूर्वी कोळशाची होती, आता कुठे गॅसची, कुठे विजेची. हा बदल कधी आणि का झाला, एवढ्यावरच एक प्रसंग उभा राहतो. वॉचमन आसामचा असतो, धुणंभांडी करणाऱ्या मावशी मराठवाड्याच्या, वरच्या मजल्यावरच्या आजी मल्याळी मुंडू पाठवतात, कुणाचा सफारी येतो, कुणाचा शाळेचा गणवेश, सणाच्या आधी कुणाची पैठणी. सगळी सोसायटी त्या एका टेबलावरून जाते.

असेच दुसरे पर्याय: वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, माल उतरवणारी माथाडींची टोळी, दिवाळे कोळीवाड्यातली मासे विकणारी बाई, सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभे राहणारे नाका कामगार, सायकलवरून इडली विकणारे अण्णा. माथाडी निवडलेत तर १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटलांचं काम वाचून जा. वाचलेलं सगळं पडद्यावर सांगायचं नाही, पण मुकादम बोलायला लागले की ते किती जुन्या लढ्याबद्दल बोलताहेत ते तुम्हाला कळलं पाहिजे.

एका अर्थाने आपल्याकडे माहितीपटांची सुरुवातच अशी झाली आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनला कॅमेरा लावला तो दोन पैलवानांच्या कुस्तीवर. भारतातला पहिला माहितीपट म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

२. आधी कॅमेऱ्याशिवाय जा

ही पायरी लोक गाळतात आणि ती गाळली की पुढचं सगळं पोकळ होतं. काही दिवस नुसतं जाऊन बसा. चहा घ्या, कपडे इस्त्रीला द्या, बोला. वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता काय घडतं, कोणते आवाज येतात, आणि ते माणूस कोणते शब्द वारंवार वापरतं. सोसायटीत सगळे ‘भय्या’ म्हणत असले तरी तुम्ही नाव विचारा आणि ‘जी’ लावून हाक मारा. पंधरा वर्षं कपडे देणाऱ्यांनाही ते नाव माहीत नसतं, आणि नावाने हाक मारणाऱ्याशी माणूस वेगळं बोलतो.

मग संमती. त्यांना समजेल अशा भाषेत सांगा: काय करतोय, कुठे दाखवणार, यातून पैसे मिळणार का, आणि नको वाटलं तर कोणत्या टप्प्यापर्यंत ते माघार घेऊ शकतात. एक पानभर कागद पुरतो, त्यांच्या वाचनाच्या भाषेत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि होकार कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करा. लहान मुलं दिसणार असतील तर आईवडिलांची सही हवी.

पैशांबद्दल नवख्यांना अवघडल्यासारखं होतं. माझा नियम असा: बोलण्याचे किंवा ‘असं करून दाखवा’चे पैसे देऊ नयेत, त्याने माणूस आपल्याला हवं ते बोलायला लागतो. पण चित्रीकरणामुळे त्यांचे दोन तास बुडाले तर त्या दोन तासांची मजुरी द्यायलाच हवी, आणि हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून नोटीस बोर्डावर चार ओळींचा कागद लावा: कोणत्या तारखांना, कुठे चित्रीकरण आहे, कुणाला दिसायचं नसेल तर कुणाला सांगावं. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: इस्त्रीवाल्यांच्या वहीत फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर असतात, कोण गावी गेलंय तेही असतं. ते पान कधीही वाचता येईल असं चित्रित करू नका. लिहिणारा हात घ्या, पान नको. गणवेशावरचा शाळेचा बिल्लाही टाळा.

३. परवानग्या

रेल्वे स्टेशनच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी लागते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, म्हणून अनेकांना स्टेशनच्या गर्दीने सुरुवात करावीशी वाटते. तुमच्या माणसाचा स्टेशनशी संबंध नसेल तर सोडून द्या. एपीएमसीत प्रशासनाला अर्ज करा आणि त्या गाळ्याच्या मालकालाही विचारा. मॉल खासगी जागा आहे. खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वनविभागाशी बोला; ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करता येते. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत आणि नवी मुंबईच्या अंगाला आता विमानतळ आहे, त्यामुळे पहिल्या माहितीपटात ड्रोन विसरा. जिन्याखालच्या टेबलाला वरून बघण्यासारखं काही नसतंही.

४. साहित्य: आधी आवाजावर खर्च

चित्रासाठी तुमच्याकडे असलेला फोन पुरेसा आहे. हातात चार पैसे असतील तर ते माइकवर घाला. थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द कळले नाहीत की तो उठून जातो.

कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, वायरचा असला तरी चालेल. तो छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावा. सदऱ्यावर घासत नाही ना ते इअरफोन लावून ऐका, आणि चित्रीकरणभर इअरफोन कानातच ठेवा. मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर साधारण वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवली तर कुणी अचानक हसलं तरी आवाज फाटत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात.

बोलणं रेकॉर्ड करताना पंखा आणि रेडिओ बंद करायची विनंती करा. रेडिओ खास करून. मागे गाणं वाजत असलं की वाक्य मध्ये कापता येत नाही, कारण गाणं तुटतं. आणि गाण्याचे हक्क दुसऱ्याचे असल्याने यूट्यूबवर दावा येऊ शकतो. निघण्यापूर्वी सगळ्यांना एक मिनिट गप्प राहायला सांगून त्या जागेचा नुसता आवाज घ्या. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो लागतो.

कामाचे आवाज वेगळे, जवळून घ्या: पाण्याचा शिडकावा, ओल्या कपड्यावर इस्त्री टेकल्याचा चर्र आवाज, घडी थोपटणं, लिफ्टचं दार. यांच्या जोरावर संगीताशिवाय फिल्म उभी राहते.

५. चित्रीकरण

निघण्यापूर्वी: फोन एअरप्लेन मोडवर, लेन्स मऊ कापडाने पुसलेली, पॉवर बँक भरलेली, मोकळी जागा भरपूर. फोर-के चित्रीकरण फोननुसार मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी खातं, म्हणजे तासाभरात दहा-वीस जीबी सहज.

आता जिन्याखालच्या ट्यूबलाइटकडे वळू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोन सेकंदाला ३० चौकटींवर (फ्रेमवर) असेल तर चित्रात पट्टे किंवा थरथर दिसू शकते. उपाय सोपा आहे: २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक चौकट सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश घेते. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात हे जमत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप वापरा. त्यात चौकटींचा वेगही स्थिर धरता येतो. साध्या ॲपमध्ये तो वरखाली होतो आणि लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात.

फोकस आणि प्रकाश लॉक करा. नाहीतर पांढरा शर्ट टेबलावर आला की फोन सगळं काळवंडवतो आणि निळी जीन्स आली की उजळवतो.

मग कामाचा एक पूर्ण फेरा घ्या, म्हणजे एक शर्ट बोचक्यातून निघण्यापासून घडीपर्यंत. पहिल्या शर्टाला लांबून: टेबल, जिना, येणारीजाणारी माणसं. दुसऱ्या शर्टाला फक्त हात. तिसऱ्याला फक्त चेहरा. चौथ्याला त्यांच्या पाठीमागून, म्हणजे त्यांना दिवसभर जे दिसतं ते. काम पुन्हापुन्हा होणारं आहे, म्हणून ‘जरा परत करा ना’ म्हणावंच लागत नाही, आणि तरी संकलनात एका शर्टाचा सलग प्रसंग जुळतो. प्रत्येक शॉट मनात दहापर्यंत मोजून स्थिर धरा. इकडून तिकडे कॅमेरा फिरवण्याचा मोह टाळा. हवं तर तुम्ही दोन पावलं पुढे व्हा आणि पुन्हा स्थिर उभे राहा.

माणूस काम करायचं थांबून तुमच्याकडे बघून हसला तर शॉट कापू नका. ते त्याचं घर आहे, तुम्ही पाहुणे आहात, आणि पाहुणा आल्याचं थोडंसं दिसलं तर खोटेपणा कमीच होतो.

दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात जाणार असाल तर घड्याळाआधी पंचांग बघा. कोकणात भरतीचा अंदाज तिथीच्या पाऊणपटीने काढतात: चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. खात्रीसाठी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक पाहाच, पण पाऊणपटीचा हिशोब तुम्हाला येतो हे कळलं की कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं लवकर सुरू होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी विणणं आणि बोटींची डागडुजी मिळेल, मासळीने भरलेली बोट नाही.

६. बोलणं

मुलाखत हा शब्द त्यांच्यासमोर वापरू नका. माणूस सावरून बसतो, शर्टाची वरची गुंडी लावतो आणि टीव्हीवर ऐकलेलं बोलायला लागतो. काम चालू असताना बोला. हात गुंतलेले असले की जीभ सैल होते.

तुम्ही त्यांच्या नजरेच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. ‘कसं वाटतं?’, ‘गावाची आठवण येते का?’ हे प्रश्न नकोत. पहिल्याला ‘अच्छा लगता है’ आणि दुसऱ्याला ‘आती है’ यापलीकडे उत्तर येत नाही. क्रियापदं विचारा, वस्तू विचारा. ‘सुबह आते ही सबसे पहले क्या करते हैं?’ ‘सबसे मुश्किल कपड़ा कौन-सा?’ ‘यह टेबल किसने बनाया?’ ‘कभी कोई कपड़ा जला है?’ जळालेल्या कपड्याची हकीकत विचारली की पैसे कुणी भरले, कोण ओरडलं, कोण ‘जाऊ द्या’ म्हणालं, हे सगळं येतं. सोसायटीतल्या माणसांची खरी ओळख तिथे होते. गावाची आठवणही येईल, पण ती शेवटचा मनीऑर्डर फॉर्म कधी भरला किंवा आता पैसे फोनवरून कसे पाठवतात या वाटेने येईल, आणि तशी आलेली खरी असेल.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबा. बऱ्याचदा मुख्य गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. आणि मध्ये ‘हो हो’, ‘अच्छा’ म्हणू नका. तुमचा हुंकार त्यांच्या वाक्यावर कायमचा चिकटतो. मान हलवा.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते तुमच्याशी मुंबईच्या हिंदीत बोलतील, वॉचमनशी वेगळ्या हिंदीत, आजींशी चार मराठी शब्दांत, आणि दुपारी घरचा फोन आला की भोजपुरीत किंवा अवधीत. हे चारही घ्या. फोनवरचं बोलणं मात्र पलीकडच्या माणसाच्याही संमतीशिवाय वापरू नका. ‘जरा शुद्ध बोला’ हे वाक्य कुणालाही, कधीही म्हणू नये. आगरी बोलणाऱ्या मावशींना तर नाहीच. त्यांच्या बोलीसाठीच तुम्ही तिथे आहात.

७. संकलन

त्याच संध्याकाळी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी करा, मगच फोन रिकामा करा.

संगणक उघडण्याआधी कागद घ्या. सगळं बोलणं ऐकून, वेळेसकट उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. मग एका चिठ्ठीवर एक प्रसंग लिहून चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि क्रम बदलत राहा. दिवसाचा क्रम, बोचकं ते घरपोच घडी, हा सांगाडा पहिल्या फिल्मला भक्कम असतो. त्यात एक प्रश्न प्रेक्षकाच्या मनात सुरुवातीलाच रुजवा. समजा सोसायटीचं पुनर्रंगकाम निघालंय आणि टेबल हलवावं लागणार आहे. कुठे हलवणार, हे शेवटपर्यंत कळायला नको. असा प्रश्न बाहेरून आणून चिकटवायचा नाही, तो तुमच्या वहीत आधीच असेल.

संकलनासाठी डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, संगणक जरा ताकदीचा हवा. निवेदन टाळा. १९४८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांतला तो सर्वज्ञ आवाज चित्रपटगृहात ऐकत आपल्या आधीच्या पिढ्या वाढल्या, म्हणून माहितीपट म्हटलं की तोच कानात वाजतो. पण त्याच संस्थेसाठी दिग्दर्शक सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ हा देशभरातल्या रोजच्या जगण्याचा माहितीपट एकाही शब्दाच्या निवेदनाशिवाय केला. तो मिळवून पाहा, चित्र आणि आवाज एकमेकांवर कसे ठेवलेत ते बघा.

लांबी आठ ते बारा मिनिटं. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा माहितीपट ‘शॉर्ट’ धरतात, पण पहिल्या प्रयत्नात तेवढं ओढायचं कारण नाही.

सबटायटल एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरं, आणि मोठ्याने एकदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर. भोजपुरीचा अनुवाद भोजपुरी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. म्हावरं (मासळी) हे सबटायटलमध्ये म्हावरंच राहू द्या.

८. आधी त्यांना दाखवा, मग जगाला

कच्चं संकलन झालं की पहिला प्रेक्षक तो माणूस. त्यांच्या टेबलावर, तुमच्या लॅपटॉपवर, गिऱ्हाईक नसताना. ‘हे काढा’ म्हणाले तर का ते विचारा आणि काढा. मालकाबद्दल, सोसायटीबद्दल, पोलिसांबद्दल बोललेलं एखादं वाक्य तुमच्या दृष्टीने फिल्मचं हृदय असेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच जिन्याखाली त्यांना उभं राहायचं असतं. या बाबतीत मी तडजोड करत नाही, आणि तुम्हीही करू नये.

त्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा मंडळाच्या मांडवात दाखवा. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत त्यांना बसवा. महोत्सवांकडे पाठवायची असेल तर सगळीकडे टाकण्याआधी नियम वाचा. काही महोत्सव आधी यूट्यूबवर आलेली फिल्म घेत नाहीत. १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत भरणारा मिफ आणि तिरुअनंतपुरमचा आयडीएसएफएफके हे दोन्ही खास माहितीपट आणि लघुपटांचे महोत्सव आहेत. अर्जाला इंग्रजी सबटायटल, शंभर शब्दांचा सारांश आणि दोन चांगले स्थिर फोटो लागतात. फोटो चित्रीकरणाच्या दिवशीच काढून ठेवा, व्हिडिओतून काढलेली चौकट पुसट येते. तिकीट लावून चित्रपटगृहात दाखवायची असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं.

शेवटचं काम म्हणजे त्यांची प्रत. लिंक देऊन मोकळं होऊ नका. त्यांच्या फोनवर चालेल अशी ७२० पिक्सेलची फाइल करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाऊन धुरकट होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. गावी नेट नसेल तर मेमरी कार्डात भरून द्या, आणि गावच्या प्रतीवर मराठी वाक्यांना हिंदी सबटायटल घाला, म्हणजे मल्याळी आजी त्यांच्या मराठीत काय म्हणाल्या ते तिथल्या घरच्यांनाही कळेल.